हा घास कुणाचा

दुपारचे दोन वाजून गेलेत. मी दिवाणाला पाठ टेकून फरशीवर बसलेय, समोर कस्तुरी बसलीय आणि आमच्या दोघींच्या मध्ये मऊ भाताची वाटी. डोळ्यांवर झापड येतेय. मी मान झटकते, घास उचलते आणि म्हणते, "हा घास काऊचा." कस्तुरी ओठ घट्ट मिटते, मान उजवीकडे वळवते आणि रिकाम्या फरशीकडे बघत बसते.

कस्तुरीला दत्तक म्हणून घरी आणल्याचा आज एकोणिसावा दिवस. सव्वादोन वर्षांची पोर. पहिला घास ती मुकाट्यानं घेते, नुसतं "आ कर" म्हटलं की. त्यानंतर काऊ, चिऊ, हम्मा, भूभू, बाबा, आजी, सगळ्यांच्या नावानं मी घास फिरवते आणि तिचं तोंड काही उघडत नाही. रडत नाही, थुंकत नाही, हट्ट तर अजिबात करत नाही. उजवीकडे बघत बसते. दूध तेवढं पिते. आली तेव्हा नऊ किलो चारशे होती, काल काट्यावर ठेवली तर आठ किलो सातशे. डॉक्टरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिलीय, नाही तर दाखल करायचं आणि नाकातून नळी घालायची.

मी रक्त तपासणीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलीत. तान्ह्या पोरांच्या शिरा मला हाताला लागतात, दिसायची गरज नसते. अवघड मूल आलं की सगळे म्हणतात, वृंदाताईंकडे पाठवा. त्या वृंदाताईंच्या नाकी नऊ आलेत एका वाटीभर भातापायी. शेजारच्या बायका येऊन सांगून जातात, दृष्ट काढा, तूप वाढवा, उपाशी ठेवा म्हणजे झक मारत खाईल. मी हसून दार लावते आणि मग दारामागे उभी राहून रडते.

संस्थेनं पोरीबरोबर एक कागद दिला होता. लसी, वजनं आणि शेवटी एक ओळ, 'आहार : सर्व खाते.' त्या ओळीचा मला इतका राग येतो की कागद चुरगळून पुन्हा सरळ केलाय दोनदा. तिला दोन वर्षं भरवलं ते तिथल्या हौसामावशींनी. त्यांना विचारावं म्हणून आठव्या दिवशी फोन केला, तर संस्थेतल्या सबनीस मॅडम म्हणाल्या, "अहो, हौसाबाई गेल्या. तुम्ही नेलंत त्यानंतर चौथ्या दिवशी. झोपेतच." मी "अरेरे" म्हटलं, फोन ठेवला आणि त्या मेलेल्या बाईवर चिडले. जिला ठाऊक होतं तीच निघून गेली, आणि मला काही न सांगता.

चार वाजता मी सबनीस मॅडमना फोन करणार आहे. कागद अजून पक्के झालेले नाहीत, तोवर मूल परत देता येतं. तिथं निदान जेवेल तरी. सुहास, माझा नवरा, सकाळी बूट घालताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू म्हणशील तसं." मला वाटलं होतं तो भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं.

"हा घास चिऊचा," मी म्हणते. जीभ जड झालीय. रात्री दोन-दोन तास झोप, तीही तुकड्यातुकड्यानं. डोळे मिटतात, उघडतात. कस्तुरी तशीच बसलीय, हात मांडीवर. डोळे मिटतात.

"पुढचं कोण?" मी विचारते.

मी लॅबमध्ये आहे. पांढरा एप्रन, हातात सुई, समोर नेहमीची खुर्ची. फक्त खाली आमच्या घरातली फरशी आहे आणि तिच्यावर भाताची शितं सांडलीत. खुर्चीत हौसामावशी येऊन बसतात. तपकिरी लुगडं, कपाळावर गोंदण, दंड उघडा करून हात पुढं केलेला.

मी रबरी पट्टा बांधते, कोपराच्या आत बोट फिरवते. काही लागत नाही. दुसरा हात घेते. तिथंही काही नाही.

"शीर मिळत नाहीये, मावशी."

"कशी मिळंल? मरून पंधरा दिस झालं मला." त्या पट्टा स्वतःच सोडतात आणि घडी घालून माझ्या हातात देतात. "तुमी कामात लई हुशार हाय म्हनं. मग पोरगी का वाळाय लागलीया?"

मला तोंडावर मारल्यासारखं होतं. "तुम्ही सांगितलं नाहीत काही," मी म्हणते. "कागदावर लिहिलंय सर्व खाते. काय सर्व खाते? एक घास खाते! मी काय करू सांगा ना. मी खिमट केलं, पेज केली, शिरा केला, अंडं दिलं, टीव्ही लावून बघितला, गॅलरीत नेऊन बघितलं..."

"इचारलं का मला त्या दिशी?"

त्या दिवशी. मी मागं वळते, तर लॅबची भिंत नाही. संस्थेतली लांब खोली आहे, हिरव्या रंगाची, सतरंजी अंथरलेली. दारापाशी टेबल आहे आणि टेबलाशी मीच उभी आहे, नवी साडी नेसून, फॉर्मवर सह्या करत. सुहास फोटो काढतोय. आमच्या पाठीमागं सतरंजीवर पोरांची जेवणं चाललीत. टेबलाशी उभी असलेली मी तिकडं पाठ करून आहे. मी स्वतःला हाक मारते, "अगं, मागं बघ!" ती बघत नाही. पुढच्या पानावर सही करते.

"आज चार वाजता फोन करणार आहे," मी हौसामावशींना सांगून टाकते. लाज वाटते, तरी सांगते. "माझ्याच्यानं होत नाही. मला वाटलं होतं होईल, पण नाही होत. पोर माझ्या डोळ्यांदेखत संपत चाललीय. मावशी, तुम्हीच घेऊन जा तिला."

"मी?"

"हो. तुमच्याकडे खात होती ना ती?"

हौसामावशी माझ्याकडे नीट बघतात. मग पदर खोचतात आणि उठतात. "बरं," म्हणतात. "आना हिकडं."

कस्तुरी माझ्या कडेवर आहे. कधी आली ठाऊक नाही. पिवळं झबलं, डोक्याला खोबरेल तेलाचा वास, आणि वजनाला इतकी हलकी की हातात आहे की नाही ते कळू नये. हौसामावशी हात पुढं करतात. कस्तुरी त्यांना ओळखते आणि तिकडं झेपावते. एकोणीस दिवसांत ती कुणाकडं झेपावलेली नाही. हौसामावशींच्या मागं आता हिरवी खोली नाही, नुसतं एक दार आहे आणि दारापलीकडं काही दिसत नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडतो की मी कुणाला काय म्हणून बसलेय.

"नको," मी म्हणते.

"आत्ता तर म्हनलासा."

"नको! मावशी, चुकलं माझं. नका नेऊ." मी पोरीला दोन्ही हातांनी आवळते. ती रडायला लागते, त्यांच्याकडं हात करून रडते, आणि मी सोडत नाही. पाया पडते, पण तिला सोडत नाही. "माझी आहे ती. नाही खाल्लं तरी माझी आहे. मी नळी घालीन, दवाखान्यात जाऊन राहीन. मी नाही देणार कुणाला, सबनीस मॅडमनाही नाही देणार. तुम्ही जा इथनं!"

मेलेल्या बाईला मी हाकलतेय. आमच्या घरात पाहुण्याला असं कुणी बोललेलं नाही.

हौसामावशींना राग येत नाही. त्या हात खाली घेतात आणि खुदकन हसतात, आणि दार नाहीसं होतं. "मग बसा की रांगंत," त्या म्हणतात. "हुबं ऱ्हाऊन कुनाचं प्वाट भरलंय?"

मी सतरंजीवर बसते. रांगेत पोरं आहेत, सगळी दोन-तीन वर्षांची, गुडघे जवळ घेऊन भिंतीला टेकलेली. शेवटी कस्तुरी, आणि तिच्या शेजारी, मला बसायला सरकून केलेली थोडी जागा. मला भयंकर भूक लागलीय. एवढी भूक मला जागेपणी कधी लागली नाही. हौसामावशींच्या हातात एकच मोठा वाडगा आहे. त्या पलीकडच्या टोकापासून सुरुवात करतात.

"ह्यो घास भैरूचा." भैरू आ करतो. बाकीची पोरं बघतात.

"ह्यो घास मुक्तीचा." मुक्ती आ करते.

"ह्यो नामूचा. ह्यो छबूचा." कुणी मध्येच तोंड पुढं करत नाही, कुणी ओढत नाही. ज्याचं नाव, त्याचं तोंड. बाकी सगळी तोंडं मिटलेली आणि डोळे उजवीकडं, घास कुठवर आलाय ते बघत.

"ह्यो घास कस्तूचा." कस्तुरी आ करते. एवढा मोठा आ की मी बघतच राहते.

मग त्या माझ्यापुढं येतात. भाताचा वास नाकात शिरतो, वरण, हळद, साजूक तूप. मी तोंड पुढं करते.

"ह्यो घास काऊचा," हौसामावशी म्हणतात.

माझं तोंड मिटतं. मी मिटलेलं नाही, ते आपोआप मिटतं. काऊचा आहे, माझा कसा? मी रांगेत उजवीकडं बघते. काऊ आलाय का बघते.

"खावा की," त्या म्हणतात. "ह्यो चिऊचा."

मी मान हलवते. डोळ्यांत पाणी येतं. भूक लागलीय, घास ओठाला टेकलाय आणि मला खाता येत नाही, कारण तो दुसऱ्या कुणाचा आहे.

"मावशी, मी हे रोज तिला..."

"दुसऱ्याचा घास ती खायाची न्हाई," हौसामावशी म्हणतात. त्यांच्या आवाजात आता थोडा ताठा आहे, आपल्या कामाचा असतो तसा. "मी तसं वळन लावलेलं न्हाई. पाच पोरं, एक वाडगा. चुकून बी कुनी कुनाच्या तोंडातलं वडत न्हाई. तुमी दिसभर काऊचं अन् चिऊचं तिच्या म्होरं नाचवताय. तिला वाटतंय, ह्या घरात कावळ्या-चिमन्यास्नी मिळतंय, माजी पाळी येतीच न्हाई. एकदा तरी तिचं नाव घेतलं का?"

मी आठवून बघते. एकोणीस दिवस, रोज चार वेळा. हम्माचं घेतलं. भूभूचं घेतलं. फ्रीजवर चिकटवलेल्या पोपटाचंसुद्धा घेतलं.

"नाही," मी म्हणते.

"बगा."

"माझंही घ्या ना," मी म्हणते. मला आता धीर धरवत नाही. "मावशी, माझंही नाव घ्या एकदा. फार भूक लागलीय."

हौसामावशी घास हातात धरून थांबतात. माझ्याकडं बघतात, मग कस्तुरीकडं बघतात. "तुमाला ती काय म्हनती, ते मला कुठं ठावं हाय?" त्या म्हणतात. "ते तिला ठावं असंल."

वाडगा त्या खाली ठेवतात. हात लुगड्याला पुसतात. घाईनं उठतात, दुसरीकडं कुठं पोरं खोळंबली असतील तशा. "मावशी, थांबा," मी म्हणते, "झोपेत काय करते ती? दचकते का? कशाला भिते?" मला अजून शंभर गोष्टी विचारायच्यात. पण खोली संपलेली आहे आणि माझ्या पाठीला दिवाणाची कड रुततेय.

डोळे उघडतात. आमचंच घर. उन्हाची तिरीप फरशीवर आलीय. तोंडात भात आहे.

मी दचकून ओठाला हात लावते. खालच्या ओठावर शितं आहेत, हनुवटीवर आहेत, जिभेवर आहेत. गार, मऊ, तुपाची शितं. कस्तुरी माझ्या अगदी जवळ उभी आहे, हाताची पाचही बोटं बरबटलेली. माझ्या उजवीकडं, भिंतीच्या कडेनं, फरशीवर भाताच्या चार ढिगल्या आहेत, एकेका फरशीवर एकेक, सारख्या अंतरावर. पाचवा घास माझ्या तोंडात घातलाय.

वाटीत थोडा भात उरलाय. तिच्या स्वतःच्या तोंडाला एक शीतही लागलेलं नाही.

मी माझा घास चावते. रडता रडता चावते, गिळते. ती माझ्या घशाकडं लक्ष देऊन बघते. गिळून झाल्याची खात्री पटल्यावर खाली बसते, हात मांडीवर ठेवते आणि ओठ मिटून थांबते.

घड्याळात चारला पाच कमी आहेत. फोन दिवाणावर आहे, असू दे. मी वाटीतला भात गोळा करते.

"हा घास," मी म्हणते, "हा घास कस्तूचा."

ती मान वळवत नाही. ती माझ्याकडं बघते आणि तोंड उघडते, इतकं मोठं की खाली डाव्या बाजूला, हिरडी फोडून वर येणारी तिची नवी दाढ मला दिसते.