इब्राहिमभाईंचं एक वाक्य

इब्राहिमभाई माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्याशी भांडत, पण तोंडातून एक शब्द काढत नसत. सगळं भांडण कळफलकावर. न राहवून मी कधी वळून म्हटलंच, "अहो, पण हे चूक आहे," तर ते पडद्यावरची नजरही न हलवता म्हणत, "तोंडाने नाही, बाई. पानावर लिहा. उद्या तिसरा माणूस आला तर त्याला कसं कळणार?"

ईशान, मीरा, शाळेच्या प्रकल्पासाठी तुम्ही इंटरनेटवरच्या ज्या ज्ञानकोशातून उतारेच्या उतारे उचलता ना, त्याच्या मराठी आवृत्तीत २००६-०७ च्या सुमारास तुमची आजी लिहीत असे. रत्नागिरीत एस.टी. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत आम्ही दोघं रोज दुपारी जात असू. मी शाळेतून निवृत्त झालेली इंग्रजीची शिक्षिका, ते मालवाहू जहाजांवरून निवृत्त झालेले. तिथे कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं, आणि पटलं नाही तर लेखाला जोडलेल्या चर्चापानावर वाद घालावा, अशी पद्धत.

आमचा पहिला वाद माशांवरून झाला. कोकणातल्या माशांची यादी मी वर्णमालेप्रमाणे नीट लावली: पापलेट, बांगडा, सुरमई. दुसऱ्या दिवशी पाहते तर यादी हंगामाप्रमाणे फिरवलेली. मी पूर्ववत केली, त्यांनी परत फिरवली. चौथ्या दिवशी चर्चापानावर त्यांनी लिहिलं, "बाईंना कळवावे की मासे वर्णमालेप्रमाणे जाळ्यात येत नाहीत." मी लिहिलं, "भाईंना कळवावे की वाचक जाळे घेऊन येत नाही." शेजारची खुर्ची हसून करकरली. शेवटी यादी माझी राहिली आणि तिच्यापुढे महिन्यांचा रकाना त्यांचा आला. भारनियमनाने वीज गेली की वाद तिथेच थांबवून आम्ही समोरच्या टपरीवर चहा प्यायचो आणि फक्त हवापाण्याबद्दल बोलायचो.

मग त्यांनी आपल्या गावच्या खाडीवर लेख लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "येथून शिडाची गलबते बसऱ्याला जात." मी सवयीने त्यापुढे "संदर्भ हवा" अशी खूण ठोकली. छापील पुरावा नसलेलं वाक्य काही दिवसांनी काढून टाकायचं, असा आमचा नियम होता.

इब्राहिमभाईंनी जुन्या वह्या शोधल्या, त्या वाळवीने खाल्लेल्या. गावात आठवणारे तीन म्हातारे निघाले, पण कागद एकाकडेही नव्हता. एकदा चहा पिताना, हवापाणी सोडून, ते म्हणाले, "माझे वालिद त्यातल्याच एका गलबताचे तांडेल होते, बाई, खलाशांचे म्होरके. हसनमियाँ. मी सहा वर्षांचा होतो. गलबत गेलं ते गेलंच. कबर नाही, कागद नाही."

ती खूण मी ठोकली होती. मी एका स्थानिक साप्ताहिकाला पत्र लिहिलं, 'खाडीतील जुनी गलबते'; त्यात बसऱ्याची हकिकत घातली, कोणी सांगितली ते मात्र लिहिलं नाही. ते छापून आलं, आणि मी ऐटीत त्या वाक्याला साप्ताहिकाचा संदर्भ जोडला.

दुपारी चर्चापानावर इब्राहिमभाईंचा प्रश्न उमटला: "या पत्राच्या लेखिकेला ही माहिती कोणी दिली?"

मी लिहिलं, "एका जाणकाराने."

"जाणकाराचे नाव?"

शेजारी ते शांतपणे पडद्याकडे पाहत होते. अखेर मी लिहिलं, "आपण."

"म्हणजे माझा गवाह मीच," एवढं लिहून त्यांनी ते वाक्य खोडलं. बदलाचं कारण विचारणाऱ्या चौकटीत लिहिलं: "खरे आहे, पण सिद्ध नाही."

मी जवळजवळ ओरडलेच, "अहो, तुमच्या वडिलांचं वाक्य आहे ते!"

"म्हणूनच," ते म्हणाले. "बापाचं नाव वशिल्यावर उभं करू? तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, बाई. अल्ला तुमचं भलं करो. पण पुन्हा नको."

दोन वर्षांनी इब्राहिमभाई गेले. त्यानंतर एकदा मी तो लेख उघडून ते वाक्य परत टंकलं. आता अडवणारं कोणी नव्हतं. पण जतन न करताच पान बंद केलं.

इथे, तुम्हा दोघांसाठी, मात्र लिहिते. त्या खाडीतून शिडाची गलबतं बसऱ्याला जात. त्यांतल्या एकाचे तांडेल हसनमियाँ परत आले नाहीत. हे मला त्यांच्या मुलाने सांगितलं.