साडूभाऊंनी शिफ्ट बदलली

देशाच्या अर्थव्यवस्थेची काळजी अर्थमंत्र्यांपेक्षा जास्त वाहणारा एकच माणूस भिवंडीत होता आणि तो नेमका माझा थोरला साडू होता. कामतघरजवळच्या एका विनाअनुदानित ज्युनिअर कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवायचे. सरकारी अनुदान येईपर्यंत पगार संस्थेच्या मर्जीवर, त्यामुळे घर माझ्या मेव्हणीच्या शिवणकामावर चालायचं. पण साडूभाऊंना चिंता घराची नव्हती, देशाची होती. पापलेट महाग निघालं की ते कोळणीला समजावत, "बाई, तुमची मुलगी शिकली तर शीतगृह काढेल, मग बघा भाव." कोळीण म्हणे, "ती काढंल तवा काढंल, तुमी आज बोंबील न्या." गोदामांना जमीन विकलेल्या एका घरच्या लग्नात त्यांनी आहेराचं पाकीट हातात तसंच धरून नवऱ्यामुलाच्या बापाला विचारलं होतं, "या डीजेच्या पैशांत गावच्या शाळेला प्रयोगशाळा झाली असती, नाही?" तो बिचारा हात जोडून म्हणाला, "मास्तर, आदी जेवा, मंग प्रयोग." साडूभाऊ जेवले, आणि शिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नात कसा परत येतो हे शेजारच्या पाहुण्याला जिलबी संपेपर्यंत सांगत राहिले. अनुदानासाठी मुंबईत उपोषण असलं की कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. त्याच दिवशी घोषणा झाली तर फोटोत चुरगळलेलं दिसू नये.

घोषणा झाल्या, अनुदान आलं नाही. गेल्या वर्षी संस्थेनं कला शाखाच बंद केली आणि पन्नाशी उलटलेले साडूभाऊ कपड्यांच्या एका गोदामात माल तपासायला लागले. पहिल्या सकाळी ते आत शिरले, तर लेबलं लावत बसलेल्या चार-पाच मुली ताडकन उभ्या राहिल्या. सगळ्या त्यांच्याच वर्गातल्या. त्यांतली एक बँकेत मोठी अधिकारी होणार, असं ते आम्हाला दर दिवाळीला सांगायचे.

सुपरवायझर म्हणाला, "सर होंगे बाहर. यहाँ टार्गेट है, बैठो."

तरी साडूभाऊ आले की मुली उठायच्या आणि बोलणी खायच्या. "बसून राहा ग," त्यांनी विनवून पाहिलं. ती बँकेवाली म्हणाली, "सर, लक्षातच राहत नाही. पाय आपोआप उठतात." एके दिवशी सुपरवायझरनं तिची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. साडूभाऊंनी दुसऱ्याच दिवशी दुपारची शिफ्ट मागून घेतली.

हे सगळं मला मेव्हणीनं सांगितलं. मी गेलो तेव्हा साडूभाऊ ड्युटीला निघायच्या तयारीत होते. नवी शिफ्ट कशी आहे, मी विचारलं.

"बरी आहे. सगळे बाहेरगावचे. मला कुणी ओळखत नाही."

मेव्हणीनं शिलाई मशीन थांबवून त्यांच्या हातात डबा दिला. चपला घालता घालता ते जरा थांबले.

"पोरी हुशार होत्या रे," ते म्हणाले, आणि सावकाश जिना उतरून गेले.