खळ्या कानिओ आणि चौथा विंचेन्सो

रोक्कामेंता गावात कोण गेले हे पाद्रीबाबांच्या खालोखाल कानिओला कळायचे. खोऱ्यातल्या छापखान्यातून मयताचे कागद सकाळच्या बसने डोंगरावर यायचे, ड्रायव्हर गुंडाळी त्याच्या हातात द्यायचा, आणि हा पिठाची खळ शिजवून, बादली-कुंचला घेऊन गावातल्या सोळा भिंतींना सोळा कागद चिकटवायचा. त्रेचाळीस वर्षे हेच काम. नगरपालिकेने त्याला कधीच निवृत्त केले होते; पण बादली उचलायला दुसरे कोणी पुढे आले नाही आणि यानेही ती खाली ठेवली नाही. गाव त्याला खळ्या म्हणे. त्याचे आडनाव निम्म्या गावाला सांगता आले नसते.

आडनावाला रोक्कामेंतात विचारतो कोण! सगळी मिळून पाच-सहा आडनावे, त्यात थोरल्या नातवाला आजोबाचेच नाव ठेवायचा नेम, त्यामुळे एका नावाची चार-चार माणसे एकाच गल्लीत. मग माणूस ओळखायचा टोपणनावाने. मीठचाटे, तीनघंटे, उंदीरमारे, अर्धीचप्पल. ही नावे घराला लागत आणि पिढ्यानपिढ्या सुटत नसत. मयताच्या कागदावरही नावाखाली टोपणनाव छापलेले असे, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. ज्या कागदावर ते नसेल त्या मयताला फक्त घरचे लोक येत. बाकीच्यांना कोण गेले हेच कळत नसे.

ऑक्टोबरातल्या त्या मंगळवारी कानिओने पहिला कागद नेहमीप्रमाणे न वाचताच कारंज्याजवळच्या भिंतीला लावला. आधी चिकटवायचे, मग दोन पावले मागे सरून वाचायचे, ही त्याची पद्धत. विंचेन्सो लातोर्राका, वय अठ्ठ्याहत्तर. मुलगी लोरेदाना कळवते की अंत्यविधी आज चार वाजता, थोरल्या देवळात. खाली काही नाही. टोपणनावच नाही.

तेवढ्यात पाणी भरायला मिनकूच्चा मावशी आली. हिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा लावायची हौस नाही.

"कोण रे गेलं?"

"विंचेन्सो लातोर्राका."

"कुठला? तीनघंट्यांचा? अरे, आत्ता तर त्याला पाव घेताना बघितला!"

आणि खरोखरच तीनघंट्यांचा विंचेन्सो, गावातला प्लंबर, पाव काखेत मारून चढ चढत आला. भिंतीवर आपले नाव वाचून त्याच्या तोंडचे पाणी पळाले. त्याने खिशातला लोखंडी पाना घट्ट धरला. अपशकुन टाळायला इथे लोखंडच लागते.

"खळ्या, मेल्या, मला मारलंस की रे!"

"तू नाहीस. तू एकाहत्तरचा. तुला अजून अवकाश आहे."

"मग हा कोण? उंदीरमाऱ्यांचा मागच्याच वर्षी गेला. मीठचाट्यांचा तर पोरगाच आहे."

"असेल कुणी बाहेरचा," मिनकूच्चा मावशी म्हणाली. "मला चार वाजता डाळ निवडायचीय."

दोघे आपापल्या वाटेने गेले. कानिओ मात्र जागचा हलला नाही. कागदावर फोटो होता: टोपी घातलेला, चापूनचोपून दाढी केलेला म्हातारा. त्याची डावी भुवई मधोमध तुटलेली होती. ती भुवई तुटली तेव्हा कानिओ तिथून चार हातांवर उभा होता. गावात चौथा विंचेन्सो लातोर्राका होता हे चोपन्न वर्षांत सगळे विसरले होते. कानिओ विसरला नव्हता, आणि विसरला असता तर बरे झाले असते असे त्याला पुष्कळदा वाटले होते.

त्याने उरलेले कागद घाईघाईने लावले आणि बारा वाजता थोरल्या देवळापाशी आला. शवपेटी आत ठेवली होती. बाहेर पायरीवर पन्नाशीला टेकलेली एक बाई एकटीच बसली होती. काळा कोट, पायात शहरी बूट. इथल्या दगडी चढांनी टाचा सोलवटलेल्या.

"बादली घेऊन तुम्हीच कागद लावले ना?" तिने विचारले. "काका, किती लोक येतील हो?"

कानिओ दचकला तो प्रश्नाने नव्हे. ती बोलत होती ती बोली त्याच्या आईची होती. बादलीला तिने जो शब्द वापरला तो त्याने तीस वर्षांत ऐकला नव्हता. गावात आता पोरे टीव्हीसारखे बोलतात. आणि ही जर्मनीत जन्मलेली पोर, बापाने एकोणसत्तर सालची बोली जशी बांधून नेली तशी परत घेऊन आलेली! कानिओला भरून आले. त्याने उगीचच कुंचला झटकला.

"तू लोरेदाना."

"हो. बाबांनी एवढं एकच मागितलं, मला वर गावात नेऊन पुरा. नाहीतर कधी नाव काढायचे नाहीत गावाचं. आजी-आजोबांनासुद्धा तिकडंच नेलं होतं त्यांनी. मी सुट्टीत घेऊन चला म्हटलं की म्हणायचे, रस्ता खराब आहे. म्हणजे कारखान्यातून घरी आल्यावर सुद्धा इथली बोली बोलणारा माणूस, आणि रस्ता खराब!" ती हसली. "सकाळपासून दोन बायका येऊन गेल्या. कोण गेलं म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं, आणि गेल्या. बाबांना एकट्याला पुरायला नाही आणलं मी इतक्या लांब."

"कागदावर टोपणनाव नाही. ते घालायला हवं. मग येतील."

"मग घाला की! काय होतं?"

कानिओ बादलीत बघून म्हणाला, "कोंबडीचोर."

लोरेदानाचा चेहरा उतरला आणि मग लाल झाला. "माझ्या बापानं चौतीस वर्षं एकाच कारखान्यात काम केलं. एक स्क्रू घरी आणला नाही कधी. शेजाऱ्यानं दोन अंडी जास्त दिली तर परत करायला जायचे. आणि त्यांच्या मयतावर तुम्ही चोर लिहिणार? कुणी नाही आलं तरी चालेल. मी एकटी पुरते."

"बरं," कानिओ म्हणाला, आणि बादली उचलून निघाला. त्याची सुटका झाली होती. घरच्यांची परवानगी नाही, म्हणजे प्रश्न मिटला. नियमच आहे तसा.

तो खालच्या वेशीपर्यंत गेला. वाटेत सगळी बंद दारे. इथे अर्धीचप्पल राहायचे, अकरा माणसे आणि एक गाढव. इथे उन्हाळ्यात बायका उंबऱ्यावर बसून टोमॅटो चिरायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याची हजेरी घ्यायच्या. चार हजारांचे गाव, आता नऊशे. त्या चार हजारांतल्या कितीतरी जणांना कानिओनेच भिंतीवर चिकटवले होते, प्रत्येकाला त्याच्या नावानिशी. एकालाच तो नावावाचून पाठवणार होता, आणि नेमक्या त्याच नावावर त्याचे स्वतःचे घर जगले होते. वेशीच्या कठड्यावर तो बसला. मग उठला आणि आला तसा चढ चढून परत गेला.

लोरेदाना तिथेच होती. कानिओ तिच्या शेजारी बसला आणि समोर बघत सांगायला लागला.

"छप्पन सालचा बर्फ. दारात छातीएवढा. मी नऊ वर्षांचा. बाप बेल्जियमच्या खाणीत. माझी बहीण जन्मून चार दिवस झालेले आणि आईला दूध उतरेना. पोरगी रडायचीसुद्धा थांबली होती. बाळंतिणीला कोंबडीचा रस्सा द्यायचा, हे सगळ्यांना माहीत. पण त्या हिवाळ्यात कोंबड्या होत्या फक्त पाद्र्याच्या खुराड्यात. तुझा बाप आमच्या शेजारचा, अकराचा. संध्याकाळी कोटाखाली कोंबडी घेऊन आला. म्हणाला, मावशी, आमच्याकडं एक जास्तीची होती. त्यांच्याकडं पोटाला जास्तीचं काही असेल तर ती भूक. आईला कळलं. तरी तिनं कोंबडी सोलली."

"मग?"

"पिसं टाकायला तोच घेऊन गेला, आमच्या दारात सापडू नयेत म्हणून. त्यातच पकडला गेला. सकाळी चौकात उभा केला. देवळाच्या शिपायानं किल्ल्यांचा जुडगा मारला, भुवई फुटली. कोंबडी कुठंय? खाल्ली. एकट्यानं? एकट्यानं." कानिओने बोटावरची वाळलेली खळ नखाने खरवडली. "मी गर्दीत होतो. माझ्या पोटात रस्सा होता. आईनं शपथ घातली होती, चोरीच्या कोंबडीवर जगलो हे कळलं तर गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. त्या दिवसापासून कोंबडीचोर. चोविसाव्या वर्षी त्याचं लग्न ठरलं, मुलीचा बाप म्हणाला, कोंबडीचोराच्या घरात देणार नाही. त्याच महिन्यात तो गेला. बसपर्यंत पोचवायला मी गेलो होतो. त्याची पेटी वर टाकली. आणि गप्प राहिलो."

"तुमची आई आहे?"

"एक्क्याण्णव साली गेली."

"म्हणजे शपथ एक्क्याण्णवला सुटली."

"हो."

"त्यानंतर?"

भित्रेपणा केला, आणि भित्रेपणाची सवय होते, एवढेच खरे होते. त्याने तेच सांगितले.

लोरेदानाने त्याला धीर दिला नाही की दोषही दिला नाही. "तुमच्या बहिणीला माहीत आहे?"

"रोकीनाला? नाही. तिची भट्टी आहे खाली, पावाची."

"मग मला कशाला सांगता? मी उद्या जाणार. त्यांना सांगा." ती उठली आणि तिने खळीची बादली स्वतःच उचलली. "नाव लिहा. पण सगळं लिहा."

त्रेचाळीस वर्षांत कानिओने कुणाच्या कागदावर स्वतःचे एक अक्षर लिहिले नव्हते. त्याने घरून काळा रंग आणला, आणि दोघे पुन्हा सोळा भिंती फिरली. प्रत्येक नावाखाली तो ठसठशीत लिहू लागला: कोंबडीचोर. आणि त्याखाली: ती कोंबडी आमच्या घरी शिजली. कानिओ, खळ्या. पहिल्या भिंतीवर 'आमच्या' हा शब्द त्याला दोनदा गिरवावा लागला. पाचव्या भिंतीनंतर तो एका दमात लिहू लागला. लोरेदाना बादली धरून मागून चालत होती आणि बंद दारांकडे बघून विचारत होती, इथं कोण राहायचं, इथं कोण. तो सांगत होता. एका दारापाशी तो सांगायच्या आधीच ती थांबली. दाराच्या कमानीवर दगडी मासा कोरलेला होता. "मासा," ती म्हणाली. "बाबा मला झोपवताना माझ्या पाठीवर बोटानं हा मासा काढायचे. मला वाटायचं, समुद्र जवळ असेल." आणि ती तिथेच दाराला कपाळ टेकून रडली. कानिओ रंगाचा डबा धरून उभा राहिला. शेजारचे दार त्याच्या आईचे होते.

सोळावी भिंत रोकीनाच्या भट्टीची. रोकीना बाहेर आली, कोपरापर्यंत पिठाने भरलेली.

"काय रे ए, माझ्या भिंतीवर काय रेघोट्या मारतोस? आणि हे कोंबडीबिंबडी काय? त्या जुन्या चोराचं मयत आहे होय?" तिने वाचले. परत वाचले. "आमच्या घरी? कधी? मला कशी आठवत नाही?"

"तू चार दिवसांची होतीस, रोकीना. आईला दूध नव्हतं."

रोकीनाने भावाकडे पाहिले. मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे, मग फोटोतल्या तुटक्या भुवईकडे. लहानपणी दोरीवरच्या उड्या मारताना कोंबडीचोराच्या नावाने गाणे म्हणणाऱ्या पोरींत तिचा आवाज सगळ्यात मोठा असायचा. ती आत गेली आणि भट्टीचे शटर धाडकन खाली ओढले. दुपारचे तीन वाजले होते आणि पाव अजून आत होते.

"संपलं," कानिओ म्हणाला.

चारला घंटा झाली. कानिओ देवळात मागच्या खांबाआड जाऊन उभा राहिला. बाहेर बघायची त्याची हिंमत नव्हती. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. पावलांचे आवाज येत होते, पण मागे वळून मोजायचे त्याने टाळले. प्रार्थना संपली. घरच्या माणसांनी दाराजवळ एका ओळीत उभे राहायचे आणि गावाने एकेकाचा हात हातात घ्यायचा, ही इथली रीत. लोरेदाना जाऊन उभी राहिली. एका माणसाची ओळ ती कसली!

तेव्हा पुढच्या बाकावरून रोकीना उठली. काळी शाल, केस घाईत विंचरलेले, कानाच्या पाळीला पीठ तसेच. ती रांगेत लागली नाही. सरळ जाऊन लोरेदानाच्या उजव्या हाताला, घरच्यांच्या ओळीत उभी राहिली आणि हात पुढे केला.

पहिली आली मिनकूच्चा मावशी, आज चष्मा लावून. मग तीनघंट्यांचा विंचेन्सो. काही जण लोरेदानापाशी थांबून सांगत होते, तुझ्या बापाबरोबर मी शाळेत होतो, तुझ्या बापानं मला पोहायला शिकवलं. एकजण फक्त "माफ कर पोरी" म्हणाला आणि पुढे सरकला. कानिओ खांबाआडून निघाला आणि खाली मान घालून रांगेत शिरला. त्याने लोरेदानाचा हात हातात घेतला. मग पुढचा हात सख्ख्या बहिणीचा. कुणाही परक्याच्या बहिणीला म्हणावे तसे तो म्हणाला, "तुमच्या दुःखात सहभागी आहे."

रोकीनाने त्याच्याकडे पाहिले नाही. हात मात्र सोडला नाही. तसाच ओढून तिने त्याला आपल्या शेजारी उभे केले.

"सदुसष्ट वर्षं," ती दातओठ खाऊन पुटपुटली. "घरी चल, मग बघते तुला. आता नीट उभा राहा. मागं रांग लांब आहे."

कानिओने मान वर केली. रांग दाराबाहेर गेली होती, पायऱ्या उतरून कारंज्यापर्यंत.