दीनानाथच्या दारातली जीप

उरणजवळच्या करंजा बंदरातली भामा कोळीण लग्न होऊन आली तेव्हापासून मासळी विकते. नवरा आनंदा होडीवर तांडेल, खलाशांचा म्होरक्या. तो आणायचा, ती विकायची. पनवेल आणि कामोठ्यातली गिऱ्हाइकं वाढली तशी टेम्पोची वाट बघणं परवडेना, म्हणून दोघांनी एक जुनी डिझेल जीप घेतली. भामा स्वतः चालवायला शिकली. पदर खोचून स्टिअरिंगवर बसलेली भामा बघून बंदरावरचे पुरुष आधी हसले, मग वाट सोडायला लागले.

जीप घेतली ती कामोठ्याला जुन्या गाड्या विकणाऱ्या दीनानाथकडून. बॉनेटवर थाप मारून तो म्हणाला होता, "वहिनी, डोळे मिटून चालवा."

पावसाळा संपता संपता एका सकाळी जाळं ओढताना आनंदाचा उजवा हात लुळा पडला. तोंड वाकडं झालं. खलाशांनी होडी तशीच बंदराला लावली. अ‍ॅम्ब्युलन्स उरणहून येईपर्यंत थांबण्यापेक्षा भामाने त्याला जीपमध्ये घातलं आणि पनवेलचा रस्ता धरला. जासईच्या अलीकडे तापमानाचा काटा लाल खुणेच्या वर गेला, बॉनेटखालून वाफ निघाली आणि इंजिन जागीच आवळून बंद पडलं. कंटेनरवाले ट्रेलर शेजारून धडधडत जात होते. ती हात करत राहिली. शेवटी एक जण थांबला, त्याने पनवेलला पोचवलं, पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते एवढंच, की थोडं आधी आणलं असतं तर औषध लागू पडलं असतं. आनंदा वाचला. उजवं अंग मात्र गेलं आणि वाचाही जवळजवळ गेलीच.

पनवेलच्या काशिराम मेकॅनिकने इंजिन खोललं आणि तिला बोलावून घेतलं. इंजिनच्या ओतीव लोखंडी ब्लॉकला उभी चीर होती आणि चिरेत काचेसारखा पांढरा थर. रेडिएटरच्या पाण्यात ओतायचं एक औषध मिळतं, त्याने सांगितलं. गरम झालं की ते चिरेत जाऊन घट्ट होतं आणि गळती थांबते. काही दिवस गाडी अगदी निरोगी वाटते. मग थर सुटतो.

"औषध वाईट नाही," तो म्हणाला. "रस्त्यात अडकलेल्याला घरापर्यंत पोचवतं. पण पोचल्यावर इंजिन खोलायचं असतं. तुम्हाला विकणाऱ्यानं हे गाडी खपवायला वापरलंय."

भामा तशीच दीनानाथकडे गेली. तो खुर्चीतून उठलाही नाही. जुन्या गाडीची हमी कोण देतं, असं त्याने विचारलं. मग म्हणाला, "आजारी माणसाला असल्या गाडीतून नेतं का कोणी? चूक तुमची आहे."

त्या वाक्याने तिची झोप गेली. सूड घ्यायचा हे ठरलं, कसा ते ठरेना. पहिल्यांदा तिने तीच बाटली आणली. इंजिन जुजबी चालू करून चीर पुन्हा बुजवायची, कोणा तिऱ्हाइताकडून जीप दीनानाथच्याच गळ्यात मारायची. पण तो ती पुढे विकणार आणि आत दुसराच कोणी आनंदा बसणार. तिने बाटली तशीच परत केली. मार लागला पाहिजे तो त्यालाच.

दीनानाथच्या फाटकासमोर गंगाबाईंची मोकळी जागा होती. त्या कामोठ्याच्या जुन्या शेतकरी घरातल्या. वर्षानुवर्षं भामाकडूनच मासळी घेणाऱ्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "माझी जागा हाय. तुला पायजे ते कर."

भामाने मेलेली जीप ओढून आणून तिथे उभी केली, तोंड फाटकाकडे, बॉनेट उघडं. जीपपासून कुंपणापर्यंत दोऱ्या बांधल्या आणि ओले बोंबील वाळत घातले. वारा दीनानाथच्या ऑफिसात जायचा. खाली ती टोपली घेऊन बसायची. गाडी बघायला आलेल्या प्रत्येकाला हाक मारून ती जीपमधली चीर दाखवायची, नवऱ्याचं सांगायची. मग शिकवायची, की इंजिन थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा, आत बोट फिरवा, पांढरी कचकच लागली तर गाडी घेऊ नका. लोक आत जायचे आणि पहिलं झाकण उघडायला सांगायचे.

दीनानाथने पोलीस आणले. जागा खासगी आहे म्हणून ते टोपलीतल्या ताज्या वाकट्या घेऊन परत गेले. मग तो स्वतः आला. दुसरी चांगली गाडी देतो म्हणाला.

"मना गाडी नको," भामा म्हणाली. "त्याचा हात दे."

मग तिने सांगितलं, माफी मागायची तर घरी येऊन माग.

तो खरंच करंज्याला आला. खाटेजवळ उभं राहून त्याने हात जोडले. आनंदा त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला, मग भिंतीकडे वळला. दीनानाथ गेल्यावर त्याने बायकोला डाव्या हाताने जवळ बोलावलं आणि मोठ्या कष्टाने एक शब्द काढला, "पुरे."

भामाने त्याचं पांघरूण नीट केलं. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फाटकासमोर बसली. आयुष्यात नवऱ्याचं एवढं एकच तिने ऐकलं नाही.

होळीच्या सुमारास दीनानाथने धंदा बंद करून बोर्ड उतरवला. माणसं बोर्ड टेम्पोत चढवत होती, तेव्हा ती टोपलीशी बसून शेवटपर्यंत बघत राहिली. गंगाबाईंनी विचारलं, झालं का मन शांत?

"गोड वाटलं," ती म्हणाली. "शांत नाय वाटलं."

जीप भंगारात द्यायची ठरली. भंगारवाला म्हणाला, इंजिन उतरवून घेतो, ब्लॉकला कोणीतरी गिऱ्हाईक मिळेल. भामाने साफ नाही म्हटलं. ब्लॉक जमिनीवर ठेवायला लावला, त्याच्याकडचा घण मागून घेतला. पहिले घाव नुसते उसळले. मग चिरेवर नेम धरून तिने घाव घातला आणि ओतीव लोखंड दुभंगलं. तरी ती थांबली नाही. तुकड्यांचे तुकडे झाले, बांगड्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं. शेवटी भंगारवाल्यानेच तिच्या हातातून घण काढून घेतला.

तिने हात धुतले, उरलेली मासळी विकली आणि आनंदाला भरवायची वेळ झाली म्हणून उरणची बस पकडली.