गिरणीची रेघ आणि मापाची शीग

कापूरहोळच्या फाट्यावर माझी इंग्रजीची शिकवणी आहे. ‘एक्सीड’ म्हणजे मर्यादा ओलांडणे, हे मी मुलांना हायवेवरच्या वेगाच्या पाटीवरून शिकवते. माझा अर्थ कधी चुकत नाही, असा मला बराच तोरा होता. तो माझ्या आत्याने उतरवला.

आत्या गुंजवण्यात राहते. बचत गटाची भात भरडायची छोटी गिरणी तिच्या ओसरीवर बसवली, तेव्हा साठीला आलेली ती बाई आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली, “हे माजं काम.” भात ओतायच्या नरसाळ्यात एक लाल रेघ होती आणि तिच्याखाली इंग्रजी सूचना. मी ऐटीत वाचून सांगितलं, “रेघ एक्सीड करायची नाही. म्हणजे भात रेघेच्या वर जाऊ द्यायचं नाही.”

आत्याला ते कळलं, पण पटलं नाही. आमच्याकडे पायली काठापर्यंत भरून कोणी देत नाही. वर शीग लागते, दाणे चहूबाजूंनी ओघळेपर्यंत. आत्यानं सवयीनं नरसाळ्यालाही शीग लावली. मोटर दोनदा बंद पडली. दुसऱ्या वेळी गटातल्या बायकांनी सांगून टाकलं की पुन्हा असं झालं तर गिरणी दुसऱ्या घरी जाईल.

मी भडकले. “आत्या, अर्थ सांगितला होता ना मी?”

“अर्थ कळला गं. पन रेघेवर हात थांबवायचा म्हंजी लई जिवावर येतं. लोकं म्हंतील, हिनं हात आखडला.”

शब्दाचा अर्थ सांगून मी मोकळी झाले होते. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गटातली सर्वांत थोरली बाई भात घेऊन आली. आत्यानं रेघेखालीच भात ओतलं, एकाच्या दोन खेपा केल्या. मोटर सुरळीत चालली. तांदूळ पिशवीत भरून झाल्यावर ती आत गेली, घरच्या डब्यातून ओंजळभर तांदूळ आणले आणि पिशवीत वर घातले.

“हे कशापायी?” म्हातारीनं विचारलं.

“मशिनीला रेघ हाय. तुमाला कशाला?”

म्हातारी हसली. पिशवी काखेत मारून जाता जाता म्हणाली, “गिरनी ऱ्हाऊ दे हितंच.”

आत्या पदरानं नरसाळं पुसत बसली. पुसण्यासारखं त्यात काही नव्हतं.