शेजारणीच्या विरोधात दिलेलं मत

आम्ही लीड्समध्ये वर्क व्हिसावर. इथले नागरिक नाही, उद्या कंपनीने काढलं तर बॅगा भरायच्या. तरी भारत कॉमनवेल्थमध्ये, म्हणून आम्हाला मत! आणि शेजारची बल्गेरियन बाई आठ वर्षं इथल्या केअर होममध्ये म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती, टॅक्स भरत होती. ब्रिटनने युरोपियन युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, यावर मतदान ठरलं, तर त्यात तिला मत नाही.

मग काय विचारता! आमच्या मराठी मंडळींच्या शनिवारच्या जेवणावळीत सगळे राज्यशास्त्राचे प्रोफेसर झाले. "हे पूर्व युरोपवाले नुसते फुकटे. ते गेले की आपल्या लोकांना जागा." बोलतंय कोण, तर ज्याला स्वतःचा व्हिसा वाढवून मिळेल की नाही याची धास्ती, तो! दुसरा म्हणाला, "युरोपियन कमी झाले की आईवडिलांचे व्हिसा सोपे होणार, लिहून घ्या." पुरावा काय, तर व्हॉट्सॲप. पण मी तरी कुठली शहाणी? माझी आई पुण्यात एकटी होती, तिला आणायचं होतं, आणि मला नेमकं तेच ऐकायचं होतं. मी मान डोलावली आणि त्या दीडशहाण्याला आणखी एक पुरणपोळी वाढली.

मतदानाच्या दिवशी मुलीला ताप भरला. नवरा कामासाठी लंडनला. मी म्हटलं, जाऊ दे ते मतदान. शेजारीण दारातच ओरडली, "जाऊ दे काय? मी बसते तिच्याजवळ. तुला मत आहे, वाया घालवू नकोस."

मी गेले. कोपऱ्यावरच्या शाळेत, पेन्सिलने, 'बाहेर'समोर पसंतीची फुली मारली. घरी आले तर ही बया मुलीच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसलेली, वर माझ्यासाठी सूप करून ठेवलेलं.

"आपल्या बाजूने दिलंस ना?"

"अगं, म्हणजे काय!" मी म्हणाले, आणि तिचं सूप प्यायले. निर्लज्जपणाला काही सीमा?

निकाल लागला, 'बाहेर' जिंकलं. आठवड्याभरात बसस्टॉपवर शेजारणीला कोणीतरी 'आपल्या देशात चालती हो' म्हणालं. पुढच्या आठवड्यात तेच मला ऐकवलं, भर दुकानात. आमचे प्रोफेसर चकित! "आपल्याला का? आपण तर स्किल्ड!" आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. आईच्या व्हिसाचे नियम तसूभरही हलले नाहीत. ती पुण्यातच राहिली.

तिसऱ्या वर्षी युरोपियन लोकांना इथे राहण्यासाठी अर्ज करणं भाग पडलं. तो फोनवरूनच भरायचा, म्हणून शेजारीण फोन घेऊन माझ्या स्वयंपाकघरात आली. गावी तिची शाळा बंद पडली होती, तिची शिक्षिकेची नोकरी तिथेच गेली. कम्युनिस्ट गेल्यावर आलेल्या नव्या राजवटीने सुधारणा म्हणून गावातला कारखाना विकला, तरुण माणसं देशोधडीला लागली, मग शिकवायचं कोणाला? अर्ज नाकारला तर जाणार कुठे, असं ती म्हणाली. मी तिचा पासपोर्ट स्कॅन करत होते. मला राहवेना.

"मी खोटं बोलले होते. मी 'बाहेर'ला मत दिलं."

ती म्हणाली, "आमच्याकडे कम्युनिस्ट होते तेव्हा कागदावर एकच नाव असायचं. माझी आई ते खोडायला मतदानाच्या पडद्यामागे गेली असती तर तिचं नाव टिपून घेतलं असतं. म्हणून ती सगळ्यांसमोर तो कागद पेटीत टाकायची. पक्षाचा माणूस तिच्यामागे उभा असायचा." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्यामागे कोण उभं होतं?"

"कोणीच नाही."

तिने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि बाकीचा अर्ज आपल्या घरी जाऊन भरला.