सुगंधाबाईंचा खालचा सूर

सुगंधाबाई आरशासमोर बसून लिपस्टिक लावत होत्या. मधूनच डोळे मिटत होत्या.

"झोप नाही झाली?" मी विचारलं.

"झोप होते गं. थकवा जात नाही."

पिंप्राळ्यात त्या माझ्या शेजारी राहतात. अहिराणी सिनेमांत त्यांनी गाणी गायली, त्यांवर स्वतःच नाचल्या. तंबूतल्या पडद्यावर, मग सीडीवर, आता मोबाइलवर. अजूनही आमच्याकडची हळद त्यांच्या गाण्याशिवाय होत नाही. पण दोन वर्षांपूर्वी आवाज उतरला. तेव्हापासून कार्यक्रमात जुनं गाणं वाजतं आणि त्या ओठ हलवतात. हे फक्त मला आणि साउंडवाल्या हितेंद्रला ठाऊक.

"लोकांना कळलं की संपलं," त्या म्हणायच्या.

श्रावणातल्या त्या सोमवारी भडगावला कानबाईचं, आमच्या खानदेशातल्या देवीचं, विसर्जन होतं. मीही सोबत गेले होते. त्या सजवलेल्या गाडीवर उभ्या राहिल्या. त्यांचं तरुणपणीचं गाणं भोंग्यातून सुटलं, तशा त्या ओठ हलवत नाचू लागल्या. खाली पोरं नाचत होती. कानबाईचा पाट डोक्यावर घेतलेल्या बायका मुकाट चालत होत्या.

गिरणा नदीच्या वाळूपाशी गाडी थांबली. इथून पाण्यापर्यंत बायकांनीच गात जायचं, अशी रीत. सगळ्यांत पुढे पाट घेऊन चालणाऱ्या म्हाताऱ्या कोकिळाआजींनी पाटाखालून वर पाहिलं.

"उतर खाले. आते तूच म्हण."

"आजी, अक्कांचा घसा बसलाय," हितेंद्र घाईने म्हणाला.

"रस्ताभर तं गात व्हती! वाळूवर काय बिदागी वेगळी शे?"

बायका हसल्या. सुगंधाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या उतरल्या. चपला काढल्या. गायला लागल्या.

जाड, तुटका आवाज. पहिली ओळ त्यांनी एकटीने ओढली. मी मान खाली घातली. दुसऱ्या ओळीला कोकिळाआजी मिसळल्या. मग मागची एक. मग सगळ्याच. पाणी येईपर्यंत कुणी थांबलं नाही.

पाट उतरल्यावर सुगंधाबाई वाळूत बसल्या.

"मना आवाज गया, आजी."

"माले काय सांगस? दोन वरीस व्हयनात. इतलं नाचीसन बी गाताना तुले दम लागस नही. आमले समजस नही का?"

मी सुन्न झाले. दोन वर्षं आम्ही जे झाकत होतो, ते या बायकांना माहीत होतं. आणि तरी त्या दरवर्षी बोलवत होत्या.

"तुन्हा वरना सूर आमले कधी लागनाच नही," आजी पदराने पाय पुसत म्हणाल्या. "आज खालना सूर व्हता, तं आमले बठ्ठ्या बायास्ले म्हणता वनं."

सुगंधाबाई नदीकडे बघत राहिल्या.

हितेंद्र धावत आला. "अक्का, चला. परतीला लोक फोटोसाठी थांबलेत."

"येते रे. ते गाणं लावू नको. आणि मला खुर्ची दे."

परतीला त्या गाडीवर बसून आल्या. ओठ मिटलेले. रस्त्यावरचे लोक तरीही हात हलवत होते. एका हाताने पाय चोळत त्याही दुसरा हात हलवत होत्या.